ईआरपी घेण्याआधी कास्टिंगचा हिशेब जुळवा

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचा मशिनिंगचा कारखाना आहे. ९ सीएनसी आणि ५ व्हीएमसी मशिन, ४५ माणसं, वर्षाची उलाढाल पावणेचार कोटींच्या आसपास. दोन फाउंड्र्यांकडून (ओतकामाच्या कारखान्यांकडून) कास्टिंग, म्हणजे ओतीव नग, जॉबवर्कला येतं (माल त्यांचा, काम आमचं), मशिनिंग होऊन परत जातं. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे, पण ते बिलांपुरतं. कास्टिंगची आवक-जावक स्टोअरच्या वहीत असते. दर मार्चला फाउंड्रीचा आकडा आणि आमचा आकडा जुळत नाही, मग फरकाची डेबिट नोट (वसुलीचा कागद) येते. गेल्या वर्षी ती १ लाख ८० हजारांची होती. तीन वर्षांपूर्वी एक सॉफ्टवेअर घेतलं, ते दोन महिन्यांत बंद पडलं. आता एकांनी साडेसहा लाखांचं ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, सुचवलंय. मशिनला सेन्सर लावणार आणि सगळं मोबाइलवर दिसणार, असं सांगतात. स्टोअर सांभाळणारे मामा २४ वर्षं आमच्याकडे आहेत, त्यांना कॉम्प्युटर नको. वडील म्हणतात, वहीच बरी. मी काय करावं?
– एक वाचक, शिरोली

उत्तर : साडेसहा लाखांच्या कोटेशनवर पुढचे चार महिने सही करू नका. ईआरपी वाईट असतं असं अजिबात नाही. पण तुमचा पैसा जातोय तो गेटवर आणि स्टोअरमध्ये. तिथे नग मोजून, त्याच वेळी, ठरलेल्या नावाने लिहिले जात नसतील तर कुठलंही सॉफ्टवेअर चुकीचाच आकडा दाखवेल. मागचं सॉफ्टवेअर बंद पडलं त्याचं कारणही बहुधा हेच. हे चार महिने तुमच्याकडे असलेल्या टॅलीवर काढा. त्यात जे हाती लागेल त्यावरून ईआरपी हवं की नको, आणि हवं तर कुठलं, हे तुम्हालाच कळेल.

आधी फरक कुठे पडतो ते पाहा. कास्टिंग सरासरी ६ किलोचं आणि दर किलोला १०० रुपये धरला, तर १ लाख ८० हजार म्हणजे ३०० नग. एवढं कास्टिंग चोरीला गेलं असेल असा संशय लगेच घेऊ नका. बहुतेक वेळा ते कागदावर हरवतं. फाउंड्रीची गाडी संध्याकाळी उशिरा येते, चलनावर (मालासोबतच्या कागदावर) ४०० असतं, वहीतही ४०० उतरतं. प्रत्यक्षात ३९४ आले असतील तर सहा नगांचं देणं त्याच क्षणी तुमच्या डोक्यावर बसलं. त्याहून मोठी गळती रिजेक्शनमध्ये होते. मशिनिंग करताना ब्लोहोल (कास्टिंगच्या आतली पोकळी) उघडा पडला की नग सीआर (कास्टिंग रिजेक्शन, म्हणजे फाउंड्रीच्या दोषाचा) म्हणून परत जातो, पण चलनावर नुसतं ‘रिजेक्शन ३५ नग’ असतं. ते कोणत्या आवक चलनातले, हे कुठेच नसतं. फाउंड्रीत तो माल थेट भट्टीकडे जातो आणि त्यांच्या स्टोअरला पत्ता लागत नाही. तुमच्या चुकीने बिघडलेले एमआर (मशिनिंग रिजेक्शन) त्याच ढिगात पडलेले असतात, त्यामुळे महिनाअखेरीला कुणाचे किती यावर वाद होतो. सेटिंगला वापरलेले नग, ग्राहकाने तपासायला नेलेले नमुने, कडकपणा बघायला कापलेले नग यांना तर चलनच नसतं. आणि ३१ मार्चला वाटेत असलेली गाडी एकाच्या वहीत असते, दुसऱ्याच्या नसते.

मूळ चलन क्रमांकाचा आग्रह धरायला आणखी एक कारण आहे. जीएसटीच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला माल एक वर्षाच्या आत परत यावा लागतो. नाही आला तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरलं जातं आणि कर फाउंड्रीवर पडतो. फाउंड्रीला आयटीसी-०४ या जीएसटीच्या विवरणपत्रात तुमच्याकडे गेलेलं आणि परत आलेलं कास्टिंग चलनवार दाखवावं लागतं. त्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर दर सहा महिन्यांनी, नाहीतर वर्षातून एकदा. म्हणजे चलनवार हिशेब तुमच्याइतकाच त्यांनाही हवा आहे. त्यांच्याशी बोलताना हा मुद्दा पुढे ठेवा, मदत मिळेल.

पहिलं काम नगांच्या यादीचं, आणि याला सगळ्यात जास्त वेळ द्या. तुमच्याकडे एकाच नगाला निदान चार नावं असतील : फाउंड्रीचा पॅटर्न (साच्याचा) नंबर, ग्राहकाचा ड्रॉइंग नंबर, बिलावरचं वर्णन आणि कारखान्यात बोलायचं नाव, म्हणजे ‘मोठा हब’ किंवा ‘दोन कानाचा ब्रॅकेट’ असं काहीतरी. एका एक्सेल शीटमध्ये प्रत्येक नगाची एकच ओळ करा. त्या ओळीत आपला कोड, पॅटर्न नंबर, ड्रॉइंग नंबर व रिव्हिजन, बोलीतलं नाव, कच्च्या आणि तयार नगाचं वजन, आणि शक्य असेल तर फोटो. गेल्या बारा महिन्यांत हललेलेच नग घ्या. जुनी चारशे नावं भरत बसलात तर यादी कधीच पुरी होणार नाही.

कोड साधा पाच आकडी ठेवा, १०००१ पासून पुढे. कोडमध्ये फाउंड्रीचं नाव, वजन, मॉडेल कोंबण्याचा मोह होतो. मग वर्षभराने पॅटर्न एका फाउंड्रीतून दुसरीकडे हलतो आणि कोड खोटा ठरतो. माहिती रकान्यात असू द्या, कोड नुसता क्रमांक असू द्या. ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली आणि जुना नग नव्याच्या जागी चालणार नसेल तर नवा कोड द्या. चालणार असेल तर फक्त रिव्हिजनचा रकाना बदला. एकक सगळीकडे ‘नग’ हेच. फाउंड्री किलोत बोलते आणि तुम्ही नगात, त्यामुळे एखाद्या नोंदीत २४० किलोचे २४० नग होऊन बसतात. असली चूक शोधायला दोन-दोन दिवस जातात.

बोलीतलं नाव टाकून देऊ नका. टॅलीत प्रत्येक वस्तूला दुसरं नाव, म्हणजे अलायस, देता येतं. ‘मोठा हब’ टाइप केलं की योग्य कोडचा नग समोर यायला हवा.

इथेच मामांचं काम सुरू होतं. ही यादी त्यांच्याशिवाय होणार नाही, कारण कोणतं नाव कोणत्या ड्रॉइंगचं, हे त्यांच्याच डोक्यात आहे. त्यांना कीबोर्डसमोर बसवू नका. त्यांच्या हाताखाली एक बी.कॉम. झालेला किंवा आयटीआयचा मुलगा द्या. मामा मोजतील आणि सही करतील, मुलगा नोंद करील. मोजणीचा अधिकार मामांचाच राहील, हे सगळ्यांसमोर सांगा. ‘कॉम्प्युटर नको’ या म्हणण्यामागे बहुतेक वेळा एक रास्त भीती असते : इतक्या वर्षांच्या वहीतली चूक उद्या आपल्या नावावर निघेल. म्हणून पहिल्याच दिवशी जाहीर करा की सुरुवातीच्या तीन महिन्यांत निघालेला कोणताही फरक कुणाच्याही पगारातून किंवा नावावर जाणार नाही. हा शब्द पाळा. एकदा जरी मोडलात तरी त्यानंतरचे फरक लपवले जातील आणि तुमची सगळी मोजणी फुकट जाईल.

कॉम्प्युटर ऑफिसात ठेवू नका, स्टोअरच्या खिडकीशी ठेवा. साधा पीसी, यूपीएस, लेझर प्रिंटर आणि ५०० किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा, असं सगळं मिळून साधारण ८० हजार ते १ लाखात बसतं. काट्यावर नग मोजता येतात, पण त्याची मर्यादा ओळखा. कास्टिंगचं वजन नगागणिक थोडं कमीजास्त असतं. सरासरीत दोन टक्क्यांची चूक झाली तर ५० नगांच्या बिनमध्ये (नग ठेवायच्या पेटीत) एक नग इकडचा तिकडे होतो. त्यामुळे सरासरी काढायचे २० नग त्याच लॉटमधले घ्या, आणि काटा फक्त शंका तपासायला वापरा. खरा उपाय ठरलेल्या संख्येच्या बिनचा आहे. या नगाचे बिनमध्ये ४०, त्या नगाचे २५, थरांत रचलेले, आणि अपुरं बिन एकच. मग मोजणी म्हणजे बिन मोजणं. फाउंड्रीनेही त्याच संख्येने माल पाठवावा, हे त्यांच्याशी ठरवून घ्या.

टॅलीत जॉबवर्कची सोय चालू करा, म्हणजे ‘मटेरियल इन’ आणि ‘मटेरियल आउट’ची व्हाउचर मिळतात. दोन्ही फाउंड्र्यांची वेगवेगळी गोडाउन बनवा आणि ‘दुसऱ्याचा माल आपल्याकडे’ हा पर्याय त्यांना लावा, नाहीतर त्यांचं कास्टिंग तुमच्या ताळेबंदात तुमचा स्टॉक म्हणून चढेल. प्रत्येकाखाली कच्चा, तयार, सीआर आणि एमआर असे चार भाग पुरेत. नोंदी पाचच प्रकारच्या ठेवा : आवक, तयार नगांची जावक, सीआरची जावक, एमआरची जावक, आणि ग्राइंडिंग किंवा प्लेटिंगला बाहेर गेलेला माल. नमुने आणि कापलेले नगही चलनानेच बाहेर जातील. पहिलं सेटअप झालं, दुसरं बाकी, अशा टप्प्यांची नोंद आत्ता करू नका. १५० प्रकारच्या नगांचे तीन-तीन टप्पे म्हणजे ४५० ठिकाणी शिल्लक सांभाळायची, आणि पहिल्या महिन्यात ते कुणालाही झेपत नाही. कारखान्यात काय आलं आणि काय गेलं एवढं आधी पक्कं होऊ द्या.

दिवसाला १५ चलनं आणि प्रत्येकात चार ओळी धरल्या तर ६० ओळी होतात. ओळीला अर्धा मिनिट म्हणजे सगळं मिळून अर्धा तास. वेळेची अडचण नसते, अडचण असते ती नोंद संध्याकाळवर ढकलण्याची. त्यावर एकच नियम कामी येतो : टॅलीतून छापलेलं चलन असल्याशिवाय गाडी गेटबाहेर जाणार नाही. चलन छापायचं तर नोंद करावीच लागते. तुमच्या मागच्या सॉफ्टवेअरमध्ये चलन हाताने लिहिलं जात असेल आणि सॉफ्टवेअरमधली नोंद वरचं काम म्हणून नंतर होत असेल, तर ते दोन महिने टिकलं हेच पुष्कळ. आवक मालाची नोंद बिन मोजल्यावर, ड्रायव्हर जाण्याआधी व्हावी. फरक असेल तर तो फाउंड्रीच्या चलनावर लिहून ड्रायव्हरची सही घ्या. वीज गेली तर चालावं म्हणून क्रमांक छापलेलं एक हस्तलिखित चलनबुक कुलपात ठेवा, त्याची मालिका वेगळी ठेवा, आणि त्यातली नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली करा.

चलन क्रमांक १६ अक्षरांत बसवा. तीन प्रती काढा : माल घेणाऱ्याची, वाहतूकदाराची आणि तुमची. महाराष्ट्राच्या आत १ लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल (माल वाहतुकीची ऑनलाइन नोंद) लागत नाही. पण तुमचा माल निपाणी-बेळगावकडे जॉबवर्कला जात-येत असेल तर किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतंच. सीमेजवळच्या कारखान्यांकडून हे हमखास राहून जातं.

सुरुवातीची शिल्लक घाईत घेऊ नका. साप्ताहिक सुट्टीचा दिवस निवडा, आदल्या रात्रीपासून आवक-जावक थांबवा. दोघादोघांच्या जोड्यांनी मोजायचं, मोजलेल्या बिनला खडूने खूण करायची, आणि दहातलं एक बिन दुसऱ्या जोडीने पुन्हा मोजायचं. मशिनवर आणि मशिनशेजारी असलेले नग विसरू नका. फाउंड्रीचा माणूस त्या दिवशी हजर हवा, आणि शेवटच्या आकड्यांवर दोघांच्या सह्या हव्यात. आजवरचा जुना फरक ‘जुना फरक’ म्हणून वेगळ्या कागदावर काढून ठेवा आणि त्याची तडजोड स्वतंत्रपणे करा. तो नव्या शिल्लकीत मिसळला तर पुढचा प्रत्येक आकडा संशयाचा होईल.

त्यानंतर दर शनिवारी दहा प्रकारचे नग तपासा : सहा जास्त हलणारे, चार कुठलेही. ते निवडणारा माणूस स्टोअरचा नको. पाच नग स्क्रीनवरून उचलून जमिनीवर शोधा, आणि पाच जमिनीवर दिसलेले स्क्रीनवर शोधा. नुसतं स्क्रीनवरून तपासलंत तर नोंदच न झालेला माल कधी सापडत नाही. फरक निघाला की शिल्लक लगेच ‘दुरुस्त’ करू नका. आधी त्या नगाची आठवड्याची चलनं काढा आणि कारण लिहा. पाच-सहा शनिवारांत तीच ती दोन-तीन कारणं पुन्हा पुन्हा दिसतील. ती बंद करणं हेच या चार महिन्यांचं मुख्य काम आहे. लागोपाठ चार शनिवार दहाच्या दहा नग जुळले की तारीख जाहीर करून वही बंद करा. दोन्ही कायमचे चालू ठेवले तर माणसं वहीवर विसंबतात आणि स्क्रीन मागे पडते.

शिवाय दर महिन्याच्या ५ तारखेला प्रत्येक फाउंड्रीला चलनवार शिल्लक ईमेलने पाठवा आणि १० तारखेपर्यंत मान्य असल्याचं उत्तर मागा. महिन्याच्या फरकात दहा-बारा नग असतात आणि ते कुठे गेले हे सगळ्यांना आठवतं. मार्चमध्ये एकदम ३०० नग शोधायची वेळ येत नाही.

टॅलीत प्रत्येकाला वेगळा लॉगिन द्या आणि एडिट लॉग (कुणी काय बदललं याची नोंद) चालू ठेवा. मागील तारखेच्या नोंदींना एक-दोन दिवसांची मर्यादा घाला. शिल्लक शून्याखाली जात असेल तर येणारा इशारा बंद करू नका. तो आला म्हणजे कुठलीतरी आवक लिहायची राहिली आहे. रोजचा बॅकअप दोन बाह्य डिस्कवर आलटून पालटून घ्या, आणि बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर (फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) तीही बंद करून टाकतं. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा.

सेन्सरचं आत्ता सोडून द्या. मशिन थांबलं हे सेन्सर सांगतो, का थांबलं ते शेवटी ऑपरेटरलाच सांगावं लागतं. चार आठवडे प्रत्येक मशिनवर एक कागद लावा आणि सहा कारणांचे रकाने करा : सेटिंग, कास्टिंग नाही, टूल नाही, तपासणीची वाट, बिघाड, वीज. पंधरा मिनिटांहून जास्त थांबलं की रेघ मारायची. ‘कास्टिंग नाही’ आणि ‘तपासणीची वाट’ वर आले तर सेन्सरने काहीच सुटणार नाही. पुढे घ्यायचेच झाले तर मशिनवार यादी मागा, कारण नव्या कंट्रोलरला इथरनेट असतं आणि जुन्याला फक्त आरएस-२३२ (जुन्या पद्धतीची जोडणी) असू शकतं. दोन्हींचा खर्च वेगळा असतो, आणि ‘सर्व मशिन’ असं मोघम लिहिलेलं कोटेशन नंतर वाढतं.

वडिलांना मोबाइलवर काही दाखवायला जाऊ नका. रोज संध्याकाळी छापलेला एक कागद त्यांच्या टेबलावर ठेवा : आज आलेले नग, गेलेले नग, सीआर, एमआर, आणि ४५ दिवसांवर गेलेली येणी. शेवटचा आकडा त्यांना नक्की लागेल. तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असेल तर एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे यायला हवेत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)), तुमच्यासारख्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च ग्राहकाला त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळतो. मुदत माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजतात, म्हणून पोच दिलेल्या चलनाच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही असलीच पाहिजे. त्या प्रती स्कॅन करून चलन क्रमांकाच्या नावाने जपून ठेवा.

चार महिन्यांनी ईआरपीकडे वळा. कुणी ई-इन्व्हॉइसची (सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाची) भीती घातली तर लक्षात ठेवा : ती सक्ती उलाढाल ५ कोटींच्या वर गेल्यावर पुढच्या १ एप्रिलपासून येते, आणि ते काम टॅलीतही होतं. ईआरपीची खरी गरज टप्पावार शिल्लक, मशिनचं नियोजन आणि नगवार खर्च या तिन्हींसाठी असते. यातलं काही अडत असेल तरच घ्या.

प्रात्यक्षिक त्यांच्या तयार नमुन्यावर बघू नका. तुमची पाच खरी चलनं द्या : एक साधी आवक, एक कमी नगांची आवक, दोन आवक चलनांतला माल एकत्र जाणारी जावक, एक सीआर परती, आणि प्लेटिंगला जाऊन थोडी-थोडी परत आलेली खेप. ही पाच तुमच्यासमोर, काही बदल न करता भरून झाली नाहीत तर ते सॉफ्टवेअर तुमच्या कामाचं नाही. ‘करून देऊ’ म्हणून सांगितलेला प्रत्येक बदल पुढच्या आवृत्तीत पुन्हा पैसे मागतो. साडेसहा लाखांत परवाना किती, बसवण्याचे दिवस किती, बदल किती, हे फोडून लिहून घ्या. दुसऱ्या वर्षापासूनचा एएमसी (वार्षिक देखभालीचा खर्च) आणि तो न भरल्यास सॉफ्टवेअर चालू राहतं की नाही, हेही लेखी हवं. सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून देण्याची सोय तिथल्या तिथे वापरून पाहा. पैसे चार हप्त्यांत द्या : ऑर्डरला २० टक्के, यादी आणि सुरुवातीची शिल्लक भरून जुळल्यावर ३०, पहिल्या महिन्याची चलनं पूर्ण त्यातून निघाल्यावर ३०, आणि उरलेले २० टक्के लागोपाठ दोन महिने दोन्ही फाउंड्र्यांचं ‘शिल्लक मान्य’ असं उत्तर आल्यावर.